हसऱ्या कवितांमागचे ठोंबरे

स्मरणिका समितीनं यंदा विषय दिला तो असा : शाळेत जिच्याशी पहिल्यांदा ओळख झाली आणि जी पुढेही सोबत राहिली, अशा एखाद्या दिवंगत, नामवंत व्यक्तीबद्दल लिहा. कुणी सावित्रीबाईंवर लिहितंय, कुणी रामानुजनवर. मी बालकवी निवडले. इंजिनिअरिंग करून गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेली मी कवीवर लिहितेय, याचं काही जणांना नवल वाटेल. शेवटच्या बाकावर बसून मराठीच्या तासाला गणितं सोडवणारी हीच ती, असंही कुणी म्हणेल. पण यंदाचं आपलं स्नेहसंमेलन लवासात आहे, तेही श्रावणात. बालकवी मला खऱ्या अर्थानं भेटले ते लवासातच. ते कसे, हे पुढे येईलच.

आपल्याला बालकवी माहीत झाले ते ‘श्रावणमास’मधून. ऊन-पावसाचा तो खेळ, इंद्रधनुष्य, हिरवळ. अख्खा वर्ग एका चालीत ती कविता म्हणायचा. नंतर ‘फुलराणी’ आली, ‘औदुंबर’ आली. कविपरिचयात चार ओळी असायच्या : पूर्ण नाव, जन्म, मृत्यू, निसर्गकवी. परीक्षेत ‘निसर्गकवी’ लिहिलं की एक गुण पक्का. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही आनंदी कवी कोण असं विचारा, तो बालकवींचंच नाव घेईल. हा माणूस सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या छोट्याशा आयुष्यावर एका खोल उदासीची सावली सतत होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या उदासीचं त्यांनी काय केलं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात, धरणगावला झाला. धरणगाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. वडील पोलीस खात्यात, म्हणजे बदल्यांची नोकरी. एका गावात शाळा सुरू झाली, मित्र जमले, की बिऱ्हाड बैलगाडीत घालून दुसऱ्या गावी. आपल्या वर्गातल्या ज्यांचे वडील बँकेत किंवा रेल्वेत होते त्यांना हे चांगलंच ठाऊक असेल. सलग एका बाकावर बसून शिकणं त्र्यंबकच्या नशिबी नव्हतं. त्याचं शिक्षण अर्धवटच राहिलं. पण घरात थोरल्या बहिणीमुळे जुन्या कवितेची गोडी लागली, आणि बाहेर खानदेश होता. उन्हाळ्यात भाजून काढणारा, पहिल्या पावसानंतर आठवडाभरात ओळखू न येण्याइतका हिरवा होणारा. ज्या मुलाला माणसांची संगत टिकवता येत नाही, तो झाडांची, ओढ्यांची संगत धरतो. प्रत्येक नव्या गावात ती आधीपासून हजर असतात.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ लष्करी सेवेतले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्यांनी मेजर बसूंबरोबर केलेला मोठा ग्रंथ १९१८ मध्ये निघाला आणि आजही वापरला जातो. त्या संमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबकनं उभं राहून उत्स्फूर्त कविता म्हटली. सभा थक्क झाली, आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. आयुष्यभर झाडं न्याहाळलेल्या माणसानं त्या मुलाला ओळखावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हे नाव एक ओझंही होतं. आपल्या वर्गात जो पहिला यायचा त्याला विचारा. ‘हुशार मुलगा’ म्हणून एकदा शिक्का बसला, की वाईट दिवसाची सोय राहत नाही. ठोंबरे पंचविशीत आले तरी लोकांसाठी ते बालकवीच होते. बालकानं गोड असावं, खेळकर असावं, त्याच्याकडे फुलं आणि चांदणं असावं, अशी अपेक्षा त्या नावातच होती.

संमेलनानंतर त्यांच्या आयुष्यात एक घर आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ‘फुलांमुलांचे कवी’, हे अहमदनगरला राहत. त्यांनी या मुलाला आपल्याकडे नेलं. ब्राह्मण घरातल्या मुलानं ख्रिस्ती झालेल्या टिळकांकडे राहणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्या घरात लक्ष्मीबाई होत्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ‘ठोंबरे’ आठवत असतील. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. त्यांचे रुसवेफुगवे, लहरी, माया, सगळं त्या इतक्या सहजपणे सांगतात, की आपल्याच घरातला एखादा हट्टी दीर किंवा भाचा डोळ्यांपुढे यावा. टिळकांसारखा कवी कवितेवर बोलायला, आणि लक्ष्मीबाईंसारखी बाई जेवलास का म्हणून विचारायला. त्यांची प्रतिभा बहरली तिच्यामागे या घराचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

तरीही ते कुठे फार काळ टिकले नाहीत. कधी नगर, कधी पुणे, कधी खानदेश. नोकरीत स्थैर्य नाही, हातात पैसा नाही. पार्वतीबाईंशी लग्न झालं, पण संसारात स्वास्थ्य मिळालं नाही. (या लग्नात पार्वतीबाईंचं काय झालं असेल, हाही विचार मनात येतो. उदास माणसाबरोबर राहणाऱ्याची कहाणी सहसा कुणी लिहीत नाही.) पुण्यात राम गणेश गडकरी, म्हणजे गोविंदाग्रज, यांच्याशी दाट मैत्री झाली. एक विनोदाचा बादशहा, दुसरा फुलांचा कवी, आणि दोघांच्याही आत अंधार. ही जोडी बसायची तेव्हा काय गप्पा होत असतील, कोण जाणे.

आता त्या अंधाराबद्दल. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजच्या आजाराचं नाव चिकटवू नये, असं मला वाटतं. ते काम डॉक्टरांचं, तेही पेशंट समोर असताना. पण त्यांच्या कविता समोर आहेत आणि त्या स्पष्ट बोलतात. ‘उदासीनता’ नावाची त्यांची एक छोटी कविता आहे. तिच्यात ते एवढंच म्हणतात की ही खिन्नता येते कुठून हे मला समजत नाही, आणि मनात नेमकं काय सलतंय तेही सापडत नाही. कारण असलेलं दुःख वेगळं. परीक्षेत नापास झालो, वडील गेले, नोकरी सुटली, की लोकांना सांगता येतं, लोक येऊन बसतात. जिचं कारण दाखवता येत नाही ती खिन्नता माणसाला एकटं पाडते. ‘तुला काय कमी आहे?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. ठोंबऱ्यांनी उत्तर दिलंच नाही. प्रश्न होता तसा कागदावर ठेवला. ज्या काळात ‘डिप्रेशन’ हा शब्द आपल्या भाषेत नव्हता, त्या काळात त्याचं इतकं नेमकं वर्णन एका विशी-पंचविशीतल्या मुलानं केलं.

‘श्रावणमास’ लिहिणाराच ‘उदासीनता’ लिहितो, हे कोडं वाटतं. काही जण म्हणतात, आधी आनंदाच्या कविता आणि नंतर दुःखाच्या. मला ते इतकं सरळ दिसत नाही. ‘फुलराणी’तल्या कळीकडे ज्या नजरेनं ते पाहतात, त्याच नजरेनं ते पडक्या धर्मशाळेकडेही पाहतात. नजर तीच आहे, बारीक आणि सबुरीची. फक्त समोरची वस्तू बदलते. ‘पारवा’ या कवितेत मोडकळीला आलेली धर्मशाळा आहे आणि तिच्या कौलांवर बसून घुमणारा एकटा पारवा. कवीला स्वतःबद्दल जे सांगायचं असेल ते तो पारव्यावर सोपवतो.

आणि ‘औदुंबर’. अवघ्या आठ ओळी. आपण त्या पाठ केल्या, अलंकार शोधले, संदर्भासहित स्पष्टीकरण लिहिलं. टेकड्या, गाव, शेतमळे, त्यातून जाणारी पाऊलवाट, शेवटी एक डोह, आणि त्या डोहात पाय सोडून बसल्यासारखा उंबर. एवढंच. त्यात कवी कुठेही नाही. ‘मी’ हा शब्द नाही, दुःख हा शब्द नाही. तरी ती वाचून झाल्यावर छातीत काहीतरी संथ होतं. ती प्रसन्न कविता की खिन्न, यावर मराठीत केवढा तरी वाद झालाय. इंजिनिअरची बुद्धी म्हणते, दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा. पण लवासात ती कविता नव्यानं वाचल्यावर मला वाटलं, ठरवायची गरज नाही. मनातला काळोख बाहेर काढून त्याला एक जागा द्यायची, पाण्याकाठी, झाडाखाली. मग त्याच्याकडे थोडं लांबून बघता येतं. ‘औदुंबर’मध्ये तेच झालंय.

आता लवासाचं सांगते. २०२१ चा पावसाळा. ऑफिस घरून चालू होतं. त्याच्या आधीच्या काही महिन्यांत मला झोप लागेनाशी झाली. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. जेवणाला चव नाही. कोडची एकच ओळ चार-चारदा वाचूनही डोक्यात शिरायची नाही. घरात सगळं व्यवस्थित, मुलगी शाळेत, नोकरी शाबूत, आणि तरी सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर चढणं. नवऱ्यानं पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. डिप्रेशनचं निदान झालं, औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, औषध त्याचं काम करेल, त्याला काही आठवडे लागतील. तोवर रोज हातानं काहीतरी करा, कितीही छोटं असो, कितीही वाईट जमो. आणि जमलं तर मोकळ्या हवेत चाला.

म्हणून आम्ही लवासात सहा महिन्यांसाठी एक छोटं घर भाड्यानं घेतलं. पिरंगुटवरून मुठा खोऱ्यातून, टेमघरचा घाट चढून आपण सगळे येणार आहात, तोच रस्ता. ज्यांनी लवासा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी वसवलेलं हे शहर. दासवे या गावाच्या जागी इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगीत इमारतींची ओळ, समोर तळं, मागे सह्याद्री. फार मोठं शहर होणार होतं. २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि पुष्कळ इमारती अर्ध्यावर राहिल्या. आमच्या बाल्कनीतून अशीच एक इमारत दिसायची. काँक्रीटचे खांब, खिडक्यांच्या जागी रिकामे चौकोन, स्लॅबवर उगवलेलं गवत, आणि प्रत्येक मजल्यावर पारवे. दिवसभर त्यांचं घुमणं.

बालकवींच्या कवितांचं पुस्तक मुलीच्या मराठीच्या अभ्यासासाठी म्हणून घरात आलेलं होतं. एका दुपारी ते सहज उघडलं आणि ‘पारवा’वर आले. समोर ती इमारत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी असंच पडक्या जागेकडे बघत बसलं होतं, आणि त्यानं नजर वळवली नव्हती, एवढंच मनात आलं. मग मी वही घेतली आणि तो रिकामा चौकोन आणि त्यातला पारवा पेन्सिलनं काढला. पारवा कोंबडीसारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी परत काढला. मग रोज एक चित्र. भिंतीवरचं शेवाळ, ओली छत्री, कुत्र्याचं पिल्लू, पलीकडच्या डोंगरावरून उतरणारा ढग. दासव्याच्या पुढे एका ओहोळाच्या काठी उंबर आहे, त्याची तर अकरा चित्रं आहेत. चित्रकलेच्या सरांनी पाहिली तर आजही बी ग्रेड देतील. पण चित्र काढायला बसलं की वीस मिनिटं मी त्या उंबराकडे बघायचे, स्वतःच्या आत बघायचे नाही. त्या दिवसांत वीस मिनिटांची ती सुट्टी खूप मोठी होती.

हे मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या काळात मी रोज सकाळी फुलांचे फोटो टाकत होते, ते काहींना आठवत असतील.

कलेनं मी बरी झाले, असं मी म्हणणार नाही. मी बरी झाले ती औषधांनी, डॉक्टरांच्या बोलण्यानं, घरच्यांच्या सोबतीनं. आणि चित्रांनीही, पण त्या रांगेत. माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो तेव्हा पहिली गोष्ट आम्ही बघतो ती लॉग. प्रोग्रॅम चालताना काय काय घडलं याची ओळीनं झालेली नोंद. लॉग वाचून बग आपोआप सुटत नाही. पण लॉग नसेल तर कुठे बिघडलंय ते कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मदतीला आलेल्यालाही नाही. माझ्या वहीतल्या चित्रांवर तारखा होत्या. डॉक्टरांनी ती वही पाहिली, आणि कुठल्या आठवड्यात रेघा दाट आणि काळ्या होत्या, कुठल्या आठवड्यात मोकळ्या झाल्या, ते आम्हा दोघांनाही तिच्यात दिसलं.

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यानं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर मुलांना आधीपेक्षा वाईट वाटलं. पण जे घडलं ते आणि त्याबद्दल काय वाटलं ते, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. लिहिणं म्हणजे मन लगेच हलकं होणं, असं नाही. आधी जड होतं, मग सावकाश जागेवर बसतं. ठोंबऱ्यांच्या खिन्न कविता वाचताना मला हे आठवतं. त्या लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं असेल असं गृहीत धरू नये. पण त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

इंग्लंडमध्ये त्यांच्या जातकुळीचा एक कवी होऊन गेला, जॉन क्लेअर. शेतमजुराचा मुलगा, पक्ष्यांची घरटी आणि रानफुलं यांवर लिहिणारा. १८४१ मध्ये त्याला नॉर्दम्प्टनच्या मनोरुग्णालयात ठेवलं, आणि १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला. तेवीस वर्षं. तिथेही तो लिहीत राहिला. त्या कविता आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः तिथल्या एका कारभाऱ्यामुळे. विल्यम नाइट त्याचं नाव. तो क्लेअरच्या कविता उतरवून ठेवत असे. ना समीक्षक, ना प्रकाशक, साधा नोकरदार माणूस. क्लेअरला नाइट भेटला, ठोंबऱ्यांना टिळक आणि लक्ष्मीबाई भेटल्या. माणूस एकटा बसून लिहितो, चित्र काढतो, हे खरं. पण त्याला तसं बसता यावं म्हणून कुणीतरी शेजारच्या खोलीत जागं असतं.

५ मे १९१८. जळगावजवळचं भादली रेल्वे स्टेशन. रूळ ओलांडताना बालकवी मालगाडीखाली सापडले आणि गेले. अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायला तीन महिने बाकी होते. उदास माणसाचा मृत्यू असा झाला की लोक कुजबुजतात, त्यात हेतू शोधतात. मला ते पटत नाही. अपघात हा अपघातच असतो, आणि उदास माणूसही इतर कुणाहीसारखा घाईत रूळ ओलांडू शकतो. त्याचं आख्खं आयुष्य त्याच्या शेवटच्या मिनिटावरून वाचायचं कशाला? मागे दीडशेच्या आसपास कविता आहेत, त्यांवरून वाचू या. त्यातल्या बऱ्याच अपुऱ्या राहिल्या. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. वह्या, चिठोरे, मासिकांचे अंक यांतून त्या कविता पुढे इतरांनी गोळा केल्या, म्हणून त्या आपल्या पाठ्यपुस्तकात आल्या.

ते गेल्यावर वर्षभरात दोन माणसं त्यांच्यामागून गेली. २३ जानेवारी १९१९ ला गडकरी, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी रेव्हरंड टिळक. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, आणि म्हाताऱ्या वयात त्यांनी त्या घराच्या आठवणी लिहिल्या. तेव्हा ठोंबऱ्यांना त्यांनी खिन्न कवी म्हणून उभं केलं नाही, थोर कवी म्हणूनही नाही. घरातला मुलगा म्हणून उभं केलं. त्यांच्या चिडण्यासकट, हसण्यासकट.

शिक्षकांना एक विनंती करते. आपल्यातल्या काही मैत्रिणी आता स्वतः शिक्षिका आहेत, त्यांनाही. ‘श्रावणमास’ शिकवाल तेव्हा शेवटची पाच मिनिटं ‘उदासीनता’साठी ठेवा. हा आनंदी कवी अधूनमधून खूप उदास असायचा आणि तेही तो लिहायचा, एवढं एक वाक्य मुलांना सांगा. वर्गात चाळीस मुलं असतील तर त्यातल्या एखाद्याला ते वाक्य पुढे कधीतरी नक्की लागेल. आपल्या मराठीच्या बाईंनी आम्हाला कविता पाठ करायला लावल्या, त्याचा मला तीस वर्षांनी उपयोग झाला. पहाटे तीनला जाग आली आणि मोबाइल बघायचा नाही असं ठरवलं, की मी मनात ‘औदुंबर’ म्हणायचे. आठ ओळी संपल्या की परत पहिल्यापासून. बाई, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि वर्गमित्रांनो, आपण आता पंचेचाळीसच्या आसपास आहोत. आईवडील थकलेत, मुलं हाताबाहेर चाललीत, नोकऱ्यांचा भरवसा नाही. आपल्या ग्रुपवर एकशे बारा जण आहेत आणि सगळे रोज मजेत असतात. मला त्यावर आता विश्वास ठेवावासा वाटत नाही. कुणाला झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, दोन-दोन आठवडे तेच चालू असेल, तर डॉक्टरांकडे जा. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि सोबत काहीतरी करा. गाणं म्हणा, भरतकाम करा, पेटी काढा माळ्यावरून. चांगलं जमायची अट नाही.

संमेलनात शनिवारी रात्री कार्यक्रम आहेच, अंताक्षरी आहे, फिश पॉन्ड्स आहेत. रविवारी नाश्ता साडेआठला. त्याआधी साडेसहाला मी त्या ओहोळाकाठच्या उंबरापर्यंत चालत जाणार आहे. दासव्याहून पंचवीस मिनिटं लागतात, रस्ता सपाट आहे, छत्री लागेल. ज्यांना यायचं त्यांनी रिसेप्शनपाशी थांबा. चार वह्या आणि पेन्सिलींचा डबा मी आणते. कुणी काही बोललंच पाहिजे असं नाही.